चर्चमधली चेंबर म्युझिकची विनामूल्य मालिका: ठाण्यात ती कशी उभी करायची

ठाणेकराला चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाद्यांचं पाश्चात्त्य संगीत, आणि त्यातही स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो) प्रत्यक्ष ऐकायची असेल तर बहुतेक वेळा नरिमन पॉइंट गाठावा लागतो, आणि शेवटच्या भागात लक्ष वादनापेक्षा घड्याळाकडे जास्त राहतं. खरं तर या संगीताला लागणारी जागा ठाण्यात आणि नवी मुंबईत घराजवळच आहे. उंच छत, दगडी किंवा प्लास्टरच्या भिंती, बसायला बाकं, आणि दोनशे माणसं शांत बसू शकतील अशी सवय लागलेली वास्तू म्हणजे चर्च. चार वाद्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

पण चर्च हे भाड्याने मिळणारं सभागृह नव्हे. तिथे रोज उपासना होते. मालिकेचा प्रत्येक निर्णय, म्हणजे तारीख, रचना, तिकीट, बैठक, त्या उपासनेच्या वेळात आणि नियमांत बसवावा लागतो. हे आधी मान्य केलं तर पुढची कामं सोपी होतात. उलट क्रमाने, म्हणजे कलाकार ठरवून मग फादरना भेटायला गेलं, की तीन आठवडे वाया जातात.

परवानगी: कोणाची, कशाची

पहिला प्रश्न, चर्च कोणत्या पंथाचं? मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट हे कॅथलिक चर्च आहे. ठाणे आणि नवी मुंबईतली बहुतेक कॅथलिक चर्चेस मुंबई महाधर्मप्रांतात येतात, म्हणून प्रमुख धर्मगुरूंच्या संमतीनंतर अर्ज आर्चबिशपांच्या कार्यालयाकडे जातो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट किंवा इतर प्रॉटेस्टंट चर्च असेल तर तिथले पाळक आणि चर्चची समिती मिळून निर्णय घेतात. खाली दिलेले नियम त्यांना लागू नाहीत, पण अर्ज तसाच केलात तर कामी येईल.

कॅथलिक चर्चसाठी ५ नोव्हेंबर १९८७ चं व्हॅटिकनचं एक पत्रक आहे, चर्चमधल्या संगीत कार्यक्रमांविषयी. ते पूर्ण वाचूनच फादरना भेटा. त्यातल्या अटी थोडक्यात अशा:

प्रवेश सर्वांना खुला आणि विनामूल्य हवा. अर्ज लेखी आणि पुरेसा आधी द्यायचा, त्यात तारीख, वेळ, रचनांची आणि रचनाकारांची नावं हवीत. वादक वेदीच्या परिसरात बसू नयेत. पवित्र साक्रामेंत (चर्चमध्ये जपून ठेवलेली अभिमंत्रित भाकर) शक्यतो बाजूच्या प्रार्थनालयात किंवा दुसऱ्या सुरक्षित जागी हलवावा. वादक आणि श्रोते दोघांचा पेहराव आणि वागणं जागेला साजेसं असावं. निवेदन केवळ सालं आणि तांत्रिक माहितीपुरतं नसावं, रचनेचा आशय श्रोत्यापर्यंत पोचेल असं असावं. खर्च, नुकसानभरपाई, जागा पूर्ववत करणं ही जबाबदारी आयोजकाने लेखी घ्यायची.

दोन अटी मालिकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या. एक, परवानगी प्रासंगिक कार्यक्रमाला मिळते, संपूर्ण महोत्सवाला किंवा मालिकेला एकगठ्ठा मिळत नाही. म्हणून चार कार्यक्रम असतील तर चार अर्ज करा, प्रत्येकाला वेगळी रचनांची यादी जोडा. एकाच अर्जात ‘वार्षिक मालिका’ असं लिहिलं की तो परत येण्याची शक्यता जास्त. दुसरी, चर्चमध्ये धार्मिक प्रेरणेचं संगीत अपेक्षित आहे. निव्वळ लौकिक रचना कितीही थोर असली तरी ती तिथली नव्हे, अशी पत्रकाची भूमिका आहे. काही ठिकाणी ही अट सैलपणे पाळली जाते. मालिका मात्र त्या सैलपणावर उभी करू नये, धर्मगुरू बदलले की मालिका बंद पडते.

यावर चांगला तोडगा म्हणजे दोन जागांची मालिका. धार्मिक रचना चर्चमध्ये, आणि मोझार्ट-ड्वोर्झाकच्या लौकिक क्वार्टेट त्याच आवारातल्या पॅरिश हॉलमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात. हॉलमध्ये आवाज कोरडा येतो, पंख्यांचा त्रास जास्त, पण रचना निवडायला मोकळीक असते.

काय वाजवायचं

‘धार्मिक म्हणजे फक्त गायनवृंद’ हा गैरसमज आहे. केवळ वाद्यांसाठी, आणि तेही चर्चसाठीच लिहिलेलं संगीत भरपूर आहे.

कोरेल्लीचे चर्च सोनाटा (ओपस १, १६८१ आणि ओपस ३, १६८९) दोन व्हायोलिन आणि साथीच्या वाद्यांसाठी आहेत. प्रत्येक सोनाटा सहा-सात मिनिटांचा, म्हणून चार-पाच एकत्र गुंफता येतात. मोझार्टने साल्झबर्गच्या कॅथीड्रलसाठी १७ चर्च सोनाटा लिहिले. ते मिस्सातल्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतल्या) दोन वाचनांच्या मध्ये वाजत, त्यामुळे तीन ते पाच मिनिटांतच संपतात. बहुतेकांना दोन व्हायोलिन, चेलो किंवा बास आणि ऑर्गन पुरतो. चर्चमधला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन चालतो, पण त्याचा सूर ४४० हर्ट्झवर आहे का ते आधी तपासा. ऑर्गन जुळवून घेता येत नसेल तर बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवायचं, उलट नाही.

बजेट अगदी कमी असेल तर एकच व्हायोलिनवादक बोलवा. बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची प्रत १७२० ची आहे. त्यातल्या तीन सोनाटांची घडण चर्च सोनाटासारखीच, संथ-जलद-संथ-जलद. पहिला सोनाटा साधारण १६ मिनिटांचा. दगडी वास्तूत एका व्हायोलिनमधून दोन-तीन आवाज एकाच वेळी ऐकू येतात, तो अनुभव साध्या हॉलमध्ये येत नाही.

आणि या मालिकेचा कळस म्हणता येईल अशी रचना म्हणजे हायडनची ‘येशूचे अखेरचे सात शब्द’. स्पेनमधल्या काडिझच्या गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी ती आधी वाद्यवृंदाला लिहिली गेली, आणि १७८७ मध्ये हायडननेच ती क्वार्टेटसाठी बसवली. प्रस्तावना, सात संथ भाग आणि शेवटी ‘भूकंप’ हा जलद भाग. तासाभराची आहे. प्रत्येक भागाआधी एकेक वचन मराठीतून वाचलं तर श्रोत्याला वाट सापडते. सलग सात संथ भाग ऐकणं सोपं नाही, म्हणून ही रचना पहिल्या कार्यक्रमात घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत श्रोत्यांचा कान तयार होतो.

कार्यक्रम ५० ते ६० मिनिटांचा, मध्यंतराशिवाय. मध्यंतर दिलं की चहा, प्रसाधनगृह, गप्पा यांत २५ मिनिटं जातात आणि चर्च बंद करायची वेळ उलटते. पियानोचा मोह पहिल्या वर्षी टाळा. आणणं, हलवणं आणि त्याच दिवशी जुळवून घेणं यातच बजेट संपतं.

तारखा: दोन पंचांगं समोर ठेवून

एका हाती चर्चचं कॅलेंडर, दुसऱ्या हाती कालनिर्णय. जून ते सप्टेंबर नकोच. पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस कोसळायला लागला की क्वार्टेटचा हळुवार भाग ऐकूच येत नाही. शिवाय दमट हवेत लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, सरसाने चिकटवलेले सांधे उकलतात, आणि बोचे (वादनाच्या गजाचे) केस लांबून तो कितीही आवळला तरी सैलच राहतो. गणपती आणि नवरात्रात बाहेरच्या ढोल-ताशांशी स्पर्धा करू नये. दिवाळीत तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, गर्दी उसळते, तिथल्या चर्चसाठी तो आठवडाही बाद.

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान सुरू होतो. तिथून नाताळपर्यंत चर्चमध्ये गायनवृंदाच्या तालमी आणि गोठ्याची सजावट असते. भस्म बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, ४ फेब्रुवारी ते १० मार्चच्या दरम्यान कधीही येतो, दरवर्षी तो बघून घ्या. उरतं काय? दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, जानेवारीचे मधले आठवडे, फेब्रुवारीची सुरुवात, आणि उपवासकाळात एक हायडन. म्हणजे वर्षाला चार. सुरुवातीला एवढे पुरे आहेत.

वार कोणता? रविवारी दुपारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. चेलो घेऊन दादरहून येणारा वादक तिथेच अडकतो. शनिवारी संध्याकाळीही मिस्सा असते, तरीही शनिवारच बरा. मिस्सा सातला संपत असेल तर कार्यक्रम पावणेआठला सुरू, पावणेनऊला समाप्त. अट एकच, मांडामांड ३० मिनिटांत झाली पाहिजे.

वास्तूचा आवाज आधी ऐका

रिकाम्या चर्चमध्ये मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि आवाज विरेपर्यंत सेकंद मोजा. चेंबर म्युझिकला सव्वा ते दीड सेकंद उत्तम, दोनपर्यंत चालतं. तीनच्या वर गेलं तर जलद सुरावटी एकमेकींवर चढतात.

हिशेब करून बघता येतो. ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद, १० मीटर उंच चर्च म्हणजे ३६०० घनमीटर. भिंती, जमीन, बाकं मिळून १८० चौरस मीटरइतकं शोषण धरलं, तर घुमण्याचा काळ ०.१६१ (हा ठरलेला स्थिरांक) × ३६०० ÷ १८०, म्हणजे साधारण ३.२ सेकंद. एक माणूस सुमारे ०.४५ चौरस मीटर आवाज शोषतो. २०० श्रोते आले की शोषण २७० होतं आणि काळ २.१ सेकंदांवर उतरतो. म्हणून रिकाम्या चर्चमधल्या तालमीत वादक घाबरले तर त्यांना हा फरक सांगा. आणि ४० च श्रोते येणार असतील तर त्यांना विखरू देऊ नका, पुढच्या बाकांवर बसवा. मागची बाकं दोरी लावून बंद करा.

घुमारा कमी करण्यासाठी माइक लावणं ही सर्वांत मोठी चूक. माइकमुळे आवाज वाढतो, स्पष्टता नाही. एकच माइक ठेवा, निवेदकासाठी. बाहेर आवारात स्पीकर लावायचा झाला तर पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो बंद. न लावणंच चांगलं.

आता बारीक आवाज शोधा. कार्यक्रमाच्याच वेळेला आदल्या आठवड्यात जाऊन दहा मिनिटं गप्प बसा. पंख्यांची घरघर, ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टरची शिट्टी, पाण्याचा पंप, शेजारच्या शाळेतला क्लास हे सगळं तेव्हा कळतं. घंटेला टायमर आहे का, हे नक्की विचारा. आठच्या ठोक्याला मधल्या संथ भागात घंटा वाजली तर त्यावर तेव्हा काहीच उपाय नसतो. गुडघे टेकायच्या फळ्या पायाने खाली पडून धाडकन वाजतात, त्या सगळ्या आधीच खाली करून ठेवा.

बैठक आणि साहित्य

जागा वेदीच्या पायऱ्यांखाली, मधल्या वाटेच्या टोकाला. क्वार्टेटला साडेतीन बाय तीन मीटर लागतात. मागच्यांना दिसावं म्हणून ३० सेंटिमीटरचा मंच पुरतो. मंच पोकळ असेल तर चेलोचे खालचे सूर ढोलासारखे घुमतात. १८ मिलिमीटरचा प्लायवूड आणि वर सतरंजी घातली की फरक पडतो. मंच डळमळत असेल तर सरळ जमिनीवरच बसवा.

साहित्याची यादी अशी:

- हाताविना खुर्च्या ४, सारख्या उंचीच्या, सपाट बैठकीच्या. प्लॅस्टिकची खोलगट खुर्ची चेलोवादकाला अजिबात चालत नाही.
- जड पायाचे म्युझिक स्टँड ४, जादा १. तारेचे घडीचे स्टँड पंख्याच्या वाऱ्यानेही पडतात.
- कपड्यांचे चिमटे १२, स्वरलिपीची पानं धरायला.
- बॅटरीवर चालणारे स्टँडचे दिवे ४, पूर्ण चार्ज केलेले. वीज गेली तरी वादन थांबत नाही.
- चेलोच्या खिळ्यासाठी खुर्चीच्या पायात अडकवायचा पट्टा, नाहीतर गालिच्याचा तुकडा. गुळगुळीत लादीवर खिळा सरकतो, आणि संगमरवरावर चरा उमटला तर भरपाई तुमची.
- वादकांसाठी एक बंद खोली, पाणी, आरसा, आणि वाद्यांच्या पेट्या ठेवायला टेबल.

वाद्यं बंद गाडीत ठेवू नयेत, हे वादकांना माहीत असतं, पण त्यांना आणणाऱ्या स्वयंसेवकालाही सांगा. उन्हात तापलेल्या गाडीत व्हार्निश मऊ होतं आणि सरस सुटतो.

पंख्यांचं गणित नाजूक आहे. श्रोते येईपर्यंत सगळे चालू. वादन सुरू होताना मंचावरचे आणि पहिल्या तीन रांगांवरचे बंद, बाकीचे सर्वांत कमी वेगावर. कोणतं बटण कोणत्या पंख्याचं, याचा कागद दुपारीच स्विचबोर्डावर चिकटवा.

विनामूल्य, पण फुकट नाही

श्रोत्याला तिकीट नाही, वादकाला मात्र मानधन द्यायचंच. ‘चर्चमध्ये सेवा म्हणून’ असं म्हणून व्यावसायिक वादकाला फुकट बोलावू नये. दुसऱ्या वर्षी तो येत नाही, आणि आला तरी तालमीला वेळ देत नाही. मानधन, येण्या-जाण्याची टॅक्सी (चेलोला वेगळी जागा धरून), जेवण, छपाई, सफाई कामगार आणि पहारेकऱ्याचा जादा वेळ, विजेचा खर्च अशी बेरीज करा आणि त्यावर दहा टक्के शिल्लक धरा. उदाहरणार्थ, एका कार्यक्रमाला ३०,००० रुपये आले तर चार कार्यक्रमांचे १,२०,००० आणि शिल्लक धरून १,३२,०००. निम्मी रक्कम हाती आल्याशिवाय पहिली तारीख जाहीर करू नका.

देणगीपेटी दाराबाहेर ठेवा, जाताना दिसेल अशी. येताना पेटी समोर आली की ती तिकिटासारखी वाटते, आणि विनामूल्य प्रवेशाची अट मोडल्यासारखं होतं. पेटीतला पैसा कोणाचा, चर्चच्या ट्रस्टचा की आयोजक मंडळाचा, हे फादरांबरोबर आधीच कागदावर लिहून घ्या. मोजणी दोघांनी मिळून, त्याच रात्री.

हक्कांचं थोडक्यात: भारतात संगीतरचनेचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हायडन, मोझार्ट, ड्वोर्झाक, देब्युसी, राव्हेल, बार्टोक सगळे मोकळे. शोस्ताकोविच १९७५ मध्ये वारला, त्याच्या रचना २०३५ अखेरपर्यंत हक्कांत आहेत. चर्चमध्ये लोकप्रिय असलेला आर्व्हो पेर्ट आपल्याच काळातला, त्याची परवानगी हवीच. हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांसमोर वाजवलं तर कायद्यात सूट आहे, पण मानधन घेणारे वादक असतील तर त्या सुटीवर विसंबू नका. चित्रीकरणाची परवानगी चर्चकडून वेगळी घ्या.

लोकांना बोलावताना

चर्चमध्ये कधीच पाऊल न टाकलेले शेजारी कमी नाहीत. त्यांच्या मनातले प्रश्न पोस्टरवरच मराठीत सोडवा: हा संगीताचा कार्यक्रम आहे, मिस्सा नाही, सर्व धर्मांच्या लोकांना प्रवेश, पादत्राणं काढावी लागतात की नाही (हे त्या चर्चला विचारून लिहा), खांदे आणि गुडघे झाकणारा पेहराव, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, पार्किंग नाही. जुन्या ठाण्यात पार्किंग खरंच नाही, ते लपवलं तर पहिली दहा मिनिटं उशिरा येणाऱ्यांत जातात.

गडकरी रंगायतनात गाण्याच्या मैफलीला जाणारा श्रोता हा तुमचा पहिला श्रोता. त्याला राग ऐकायची सवय आहे, तो मधेच ‘वाह’ म्हणणार. इथे दाद शेवटी, हे त्याला न दुखावता सांगायचं. पत्रिकेत इतकंच छापा: ‘या रचनेचे चार भाग आहेत. चौथा संपून वादकांनी बो खाली घेतले की टाळ्या.’ कोणी मधे वाजवल्याच तर त्याच्याकडे वळून बघायचं नाही, स्वयंसेवकांनाही हे बजावा. निवेदन तीन मिनिटांचं. वाद्यांची ओळख करून देताना व्हायोलिनचा धागा पकडा: आपल्याकडे ते बसून, सा-प जुळवून वाजतं, इथे जी-डी-ए-ई या तारांवर हनुवटीखाली धरून. एका वाक्यात सगळ्यांचे कान टवकारतात.

त्या दिवशी

दुपारी ३ ला वादक हजर. ३.३० ते ५ तालीम. एका स्वयंसेवकाने शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं आणि चेलो फार होतोय का ते सांगायचं. ५ वाजता खुर्च्या-स्टँड बाजूच्या खोलीत, जमिनीवर फक्त चिकटपट्टीच्या खुणा. मिस्साला येणाऱ्यांना काही वेगळं चाललंय असं वाटता कामा नये. वादकांना तेव्हाच खायला द्या.

७ ला मिस्सा संपते. साक्रामेंत हलवण्याचं काम धर्मगुरूंचं, त्यांना त्यासाठी पाच मिनिटं शांतता द्या. मग खुणांवर मंच, खुर्च्या, दिवे. ७.२५ ला वादक पुन्हा सूर लावतात, कारण नुकत्याच संपलेल्या मिस्साच्या गर्दीने चर्चमधली हवा उबदार झालेली असते आणि तारा उतरतात. ७.३० ला दारं उघडा. मधली वाट किमान सव्वा मीटर मोकळी, बाजूचं दार बिनकुलपाचं. उशिरा येणाऱ्यांना दारापाशी थांबवायला एक माणूस. आत सोडायचं ते दोन रचनांच्या मध्येच.

८.४५ ला संपलं की घाई सुरू होते ती आवरायची. चिमटे, पाण्याच्या बाटल्या, पत्रिका गोळा करा. चिकटपट्टी काढताना लादीवर डिंक राहिला तर तेव्हाच पुसा. गुडघ्यांच्या फळ्या पुन्हा वर, दोऱ्या काढा, घंटेचा टायमर चालू करा (हा हमखास राहतो, आणि पहाटेची घंटा न वाजल्याचं सगळ्या पॅरिशला कळतं). सकाळच्या मिस्साआधी एकाने जाऊन उजेडात पुन्हा एकदा पाहणी करायची, कुठे चरा आहे का, बाकांखाली काही राहिलंय का. ते झाल्यावरच फादरना किल्ली परत द्या, आणि त्याच भेटीत पुढच्या कार्यक्रमाचा अर्ज, रचनांच्या यादीसह, त्यांच्या हातात ठेवा.